मेणाचं विमान

१२ जुलै, शनिवार

लवूचं पार्सल आलं एकदाचं! गोणपाटात गुंडाळलेलं, वर सुतळी, सुतळीवर आणखी सुतळी. माझा हा धाकटा भाऊ पार्सल बांधतो ते परत कुणी उघडूच नये अशा बेताने. कात्री बोथट झाली, मग विळी घेतली. आत मेण – खरंखुरं, पोळ्याचं. काळपट-पिवळे दोन मोठे गोळे. लवूने लांज्याला घरामागे मधाच्या पेट्या ठेवल्यात. मध विकला जातो, मेण नुसतं पडून असतं. "ताई, तुला कशाला गो मेण?" – फोनवर तीनदा विचारलं त्याने.

कशाला ते मलाही नीट ठाऊक नाही. कल्पना संचिताची. कंपनी इथून हलली, माझी नोकरी सुटली, तेव्हापासून मी घरात बसून भिंतींशी भांडते असं आमच्या लेकीचं मत. "आई, काहीतरी करायला घे. मेणबत्त्या कर, खऱ्या मेणाच्या." मोबाइलवर कुठल्याशा गोऱ्या बाईचा व्हिडिओ दाखवला. पांढरा ॲप्रन, एक थेंब सांडत नाही. मी म्हटलं, हिला आमच्या पूनम सागर सोसायटीतल्या किचनमध्ये आणून उभी कर, मग बघू.

वास मात्र काय आहे गोळ्यांना! मध, धूर, थोडी माती. एक मेलेली माशीपण आलीय, फुकट.

१३ जुलै

वितळवणं सोपं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात तुपाचा जुना डबा, डब्यात मेण. थेट गॅसवर ठेवायचं नाही, पेट घेतं. वितळलं की जुन्या ओढणीतून गाळलं. ओढणीत पंख, पाय, कचरा – आणि खाली पिवळंधमक! कुल्फीचे साचे घरात होतेच.

वातीचं मला कुणी शिकवायचं कारण नाही. सासूबाईंनी लक्ष वाती करायला घेतल्या तेव्हा अर्ध्याहून जास्त मी वळल्या होत्या. डोळे मिटून वळते. लांब, मऊ, एकसारख्या. त्याच घातल्या साच्यात.

पेटवली. दोन मिनिटं राणीसारखी जळली. मग फुस्स! वात मेणात बुडून विझली. दुसरी तशीच. तिसरीही. संचिता हसून हसून खाली फरशीवर बसली. म्हणे, कापूस बदलून बघ. कापसाला काय झालंय? देवासमोर चालतो तो कापूस!

१७ जुलै

वात जाड केली. आता विझेना! वीतभर ज्योत, काळा धूर, छताला डाग. खालच्या मजल्यावरच्या मिनलबेन धावत वर. "सुगंधाबेन, आग लग गयी क्या?"

"नहीं, मोमबत्ती बना रही हूँ."

त्यांनी मेणबत्तीकडे बघितलं, मग छताकडे. "ऐसी?"

त्या 'ऐसी'ने मला जेवण गेलं नाही.

१९ जुलै

शेवटी सेलेस्टिनला फोन केला. पहिल्याच दिवशी करायला हवा होता, पण मी पडले वाती वळण्यात हुशार. सेलेस्टिन आणि मी वीस वर्षं एका पट्ट्यावर उभं राहून औषधाच्या बाटल्या पॅक केल्या. ती उत्तनजवळच्या चौक गावची. दर सप्टेंबरात उत्तनच्या चर्चमध्ये वेलंकनी मातेचा, म्हणजे त्यांच्या मारिया मायचा सण असतो, तिथे तिचा मेणबत्त्यांचा स्टॉल असतो.

"वळलेली वात घातलीस?" तिकडून हसण्याचा आवाज थांबेना. "अगो, ती तेलाची वात! मेणाला ती न्हाय चालत. सुताची वेणी घाल, तीन पदरी, घट्ट. मिठाच्या पाण्यात भिजव, त्यात जरा बोरिक टाक, मंग वाळव."

बोरिक कुठून आणू?

"कॅरमची पावडर गो!"

मिनलबेनचे मिस्टर रोज संध्याकाळी सोसायटीच्या ऑफिसात कॅरम खेळतात. गेले आणि मागून आणली. त्यांनी कशाला विचारलं, मी सांगितलं, त्यांनी परत एकदा विचारलं.

२२ जुलै

जळली!! दोन तास दहा मिनिटं. सरळ, शांत, धूर नाही. संध्याकाळी लाइट घालवून आम्ही मायलेकी नुसत्या बघत बसलो. संचिता फुंकर मारायला गेली तर हातावर चापट दिली. दिवा कधी फुंकतात का? चमच्याने वात दाबून शांत केला.

२७ जुलै, रविवार

आज संचिताने विमान मागितलं.

सेलेस्टिनच्या स्टॉलवर मेणाचे हात-पायही असतात. ज्याचा पाय दुखतो त्याने मेणाचा पाय वाहायचा. घर हवं त्याने घर, मूल हवं त्याने बाहुली. सगळ्या जातीधर्माचे जातात. संचिता म्हणाली, "मला विमान कर ना आई. सणाला तूच वाहून ये." हसत म्हणाली, पण दोनदा म्हणाली.

तिला जर्मनीला जायचंय, नर्स म्हणून. दोन वर्षं ड्यूटी सांभाळून भाषा शिकली, परीक्षा दिल्या. तिकडच्या हॉस्पिटलचं पत्र आलं. या महिन्याच्या सुरुवातीला व्हिसाचे कागद आणि पासपोर्ट देऊन आली. आता व्हिसा आला की निघाली.

करू की, म्हटलं. अगदी सहज म्हटलं.

मला ती जायला नकोय. लिहून टाकलं एकदाचं. तिचे बाबा गेले त्याला पाच वर्षं झाली, तेव्हापासून घरात आम्ही दोघीच. तिच्यासमोर हे कधीही बोलणार नाही. वहीत लिहायला काय जातंय.

२ ऑगस्ट

मुर्ध्याला शिवाकडे गेले. शाळेत संचिताच्या वर्गात होता, आता गणपती करतो. कारखान्यात पाय ठेवायला जागा नाही – सोंडा, हात, उंदीर, सगळं वाळत पडलेलं. मी पिशवीतून स्टेशनवर घेतलेलं खेळण्यातलं विमान काढलं आणि म्हटलं, याचा साचा हवाय.

शिवाने कपाळाला हात लावला, हाताला प्लास्टर होतं ते कपाळाला लागलं. "काकू! गणपतीला पंचवीस दिवस राहिलेत. आणि तुम्ही विमान आणलंत?"

तरी करून दिला बिचाऱ्याने. दोन भागांचा, वरून मेण ओतायला भोक. म्हणाला, शेपटीवर एक उंदीर बसवू का? जर्मनीपर्यंत जाईल.

१० ऑगस्ट

पहिलं विमान साच्यातून निघेचना. शिवाने सांगितलं होतं साचा आधी पाण्यात भिजवा, मी विसरले. दुसरं लवकर गार व्हावं म्हणून फ्रिजरमध्ये ठेवलं, पंखाला तडा! तिसरं मात्र निघालं – वीतभर, पिवळं, खिडक्यांसकट. फारच सुंदर झालंय. मीच केलंय म्हणून नाही म्हणत.

शोकेसमध्ये ठेवलं, तिच्या बाबांच्या फोटोशेजारी. व्हिसा आला की वाहायचं. नवस असाच असतो – आधी देवीने काम करायचं, मग आपण फेडायचं. आमच्या गावी आधीच कुणी साडीचोळी घेऊन जात नाही.

आणि व्हिसा नाहीच आला तर विमान राहील शोकेसमध्ये. असं मनात आलं. आलं तर आलं.

२२ ऑगस्ट

संचिता ड्यूटीवरून आली ती गप्प. डोकं दुखतंय म्हणे. व्हिसाचं विचारलं तर, "चालू आहे प्रोसेस. रोज रोज काय विचारतेस?" रोज कुठे? आठ दिवसांत आज विचारलं!

२४ ऑगस्ट, रविवार

सेलेस्टिन तिच्या स्टॉलसाठी सांगितलेल्या मेणबत्त्या न्यायला आली. साठ मेणबत्त्या, वर्तमानपत्रात गुंडाळून. एकेक हुंगून बघितली तिने, कलिंगड वाजवून घेतात तसं. "मस्त जाली गो. आमच्याकडचे समदे पॅराफिनचे."

मग शोकेसकडे लक्ष गेलं. "आनि ह्या हिकडं कशाला ठेवलं?"

"संचिताचं. व्हिसा आला की वाहणार."

ती खुर्चीवर बसलीच. "काम जाल्यावर? येडी का काय तू! ह्या मागनं हाय गो. आदी न्यायचा, मारिया मायच्या पायाशी ठेवायचा, मंग मागायचा. पाय बरा जाल्यावर पाय कोन वाहतो?"

"आम्ही वाहतो," मी म्हटलं. दोघी हसलो खूप.

ती गेल्यावर मात्र हसू येईना. नवस असता तर देवीचं काम देवीने केलं असतं, मी फक्त फेडायला गेले असते. आता मलाच जाऊन तोंडाने मागायचंय – माझ्या मुलीला लांब पाठव म्हणून. हे कसं मागायचं?

२८ ऑगस्ट

आमचा गणपती गावी, लवूकडे. संचिताला सुट्टी नाही म्हणून मीही गेले नाही. सकाळी लवूने व्हिडिओ कॉलवर आरती दाखवली. अर्धी आरती त्याचा अंगठाच दिसला.

दुपारी सेलेस्टिनच्या आणखी वीस मेणबत्त्या करायला बसले. मेण कमी पडेल असं वाटलं. उठले, शोकेसमधून विमान काढलं आणि डब्यात टाकलं. आधी पंख गेले. मग शेपटी. मी बघत उभी.

मेण कमी पडत नव्हतं. एक अख्खा गोळा शिल्लक आहे.

२९ ऑगस्ट

"आई, विमान कुठंय?"

"सेलेस्टिन घेऊन गेली."

"बरं," म्हणाली, आणि चहा प्यायला बसली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही. एरवी तिच्या भुवईवरून मला कळतं डब्यातली भाजी आवडली की नाही.

१ सप्टेंबर

मला स्वतःची लाज वाटतेय.

घरभर संचिताच्या चिठ्ठ्या लावलेल्या आहेत, जर्मन शब्दांच्या. फ्रिजवर कूलश्रांक, दारावर ट्यूर, मिठाच्या बरणीवर झाल्त्स. दोन वर्षं त्या बघून बघून मलाही पाठ झालेत. परवा वाण्याकडे मी झाल्त्स मागणार होते. पोरगी दोन वर्षं मिठाच्या बरणीशी बोलतेय, आणि मी काय केलं? तिचं विमान वितळवून वीस मेणबत्त्या केल्या. आई म्हणवते स्वतःला!

साचा आहे. मेण आहे. आठ तारखेच्या सणाला आठवडा आहे.

३ सप्टेंबर

घाई नडली. डबा चिमट्याने उचलला, चिमटा निसटला, गरम मेण डाव्या मनगटावर. ओरडले असेन – संचिता झोपली होती ती धावत आली. हात नळाखाली धरला, घड्याळ लावून वीस मिनिटं. मेण अलगद काढलं, मलम, बँडेज. तिचे हात काय चालतात! मी पहिल्यांदाच पाहिलं तिला काम करताना.

"हे परत विमान कशाला करत होतीस?"

"पहिलं तुटलं." निम्मं खोटं.

"आणि मी घरात नसते तर? काय केलं असतंस?"

"टूथपेस्ट लावली असती."

अशा उत्तरांना ती हसते. आज माझा हात धरून नुसती बसून राहिली. मी म्हटलं, अगं, मनगट आहे, मुंडकं नाही तुटलं.

विमान मात्र झालं. पहिल्यापेक्षा चांगलं.

६ सप्टेंबर

फ्रिजवरची चिठ्ठी गेली. दारावरचीही. मिठाचीही. "पाठ झालेत सगळे शब्द," म्हणाली. चिकटपट्टीचे डाग मी घासत बसले.

८ सप्टेंबर, सोमवार

सण! भाईंदर स्टेशनवरून बसने चौकला, उभ्याने. मांडीवर घ्यायला मांडीच नाही, म्हणून विमान छातीशी धरून. एक बाई विचारते, नातवाला का? मी म्हटलं, लेकीला.

सेलेस्टिनच्या स्टॉलवर माझ्या ऐंशीच्या ऐंशी मेणबत्त्या दुपारच्या आत संपल्या. लोक हुंगून घेत होते. सेलेस्टिन सगळ्यांना सांगतेय, "ह्या बायने केल्यात, पोळ्याच्या मेणाच्या!" मी उगाच पदर सारखा करतेय.

मग रांगेत उभी राहिले. पुढच्या माणसाच्या हातात मेणाचं घर, मागच्या मुलीच्या हातात मेणाचा डोळा. माझी पाळी आली. सेलेस्टिनने शिकवलं होतं तसं ठेवलं पायाशी. म्हटलं, माझ्या मुलीचं काम कर. पण खोटं बोलून मागू नये म्हणून पुढचंही सांगितलं – मला ती जायला नकोय, पण तू माझं ऐकू नकोस, तिचं ऐक.

रडले. रांगेतल्या कुणाला त्याचं काही वाटलं नाही, तिथे रडतातच लोक. नंतर सेलेस्टिनच्या घरी जेवण. सोमवार म्हणून मटण खाल्लं नाही, नुसते फुगे खाल्ले. त्यांचे ते तळलेले, गोल, मऊ फुगे. सात.

हलकं वाटतंय. खरंच.

९ सप्टेंबर

सात फुगे जास्त झाले.

१६ सप्टेंबर

"रिजेक्ट झाला व्हिसा." चपला काढता काढता म्हणाली.

मला आधी काय वाटलं ते लिहिते, नाहीतर ही वही कशाला? आनंद झाला. इतका की तोंड फिरवून पातेलं घासायला घेतलं. ते घासलेलंच होतं.

मग तिच्याकडे बघितलं. पलंगावर बसून घड्याळ काढत होती. कुठला तरी कागद कमी पडला म्हणे. मी म्हटलं, परत भर की, मी येते बरोबर, कोण तो साहेब मी बघते. "नाही आई. आता नाही भरणार. इथेच बघते काहीतरी." शांतपणे म्हणाली. रडली असती तर बरं झालं असतं.

१७ सप्टेंबर

माझ्यामुळे झालं. पहिलं विमान मी वितळवलं, म्हणून झालं.

सेलेस्टिनला फोनवर सगळं सांगून टाकलं. तर म्हणाली, "मारिया मायला काय दुसरी कामा न्हायत? तुजा एक विमान धरून बसेल ती? गप ऱ्हा." एरवी तिचं बोलणं मला लागू पडतं, आज नाही पडलं. दुपारी भात करपला.

२१ सप्टेंबर, रविवार

संचितालाही सांगितलं. सकाळी दोघी वेण्या घालत बसलो होतो, सुताच्या. ती आता माझ्याहून भराभर घालते. म्हटलं, पहिलं विमान तुटलं नव्हतं, मी वितळवलं होतं. तू जाऊ नयेस म्हणून.

आधी हसायलाच लागली. कितीतरी दिवसांनी! मग माझं मनगट हातात घेऊन डाग बघत राहिली. "विमानामुळे काही होत नसतं गं आई," म्हणाली आणि रडली. मीही रडले. व्हिसासाठी रडत होती बिचारी. मी तिला थोपटलं, लहानपणी थोपटायचे तसं.

सूत भिजलं. आता वेगळं मिठाचं पाणी करायची गरज नाही, असं ती म्हणाली.

२५ सप्टेंबर

मिनलबेननी दिवाळीच्या पंचवीस मेणबत्त्या सांगितल्या! कुल्फीचे साचे पुरणार नाहीत. संचिताने लगेच यादी केली – मोठं पातेलं, जाड हातमोजे, साचे बारा. "आपण दोघी मोठं करू हे," म्हणाली. किती छान वाटलं ऐकायला. तरी तिने यादी खाली ठेवली तेव्हा खिडकीतून कुठेतरी लांब बघत होती.

२८ सप्टेंबर, रविवार

इस्त्रीवाल्याने संचिताचे युनिफॉर्म आणून दिले. ठेवायला तिचं कपाट उघडलं. खणात अंथरलेल्या पेपराखाली काहीतरी जाड लागलं. पासपोर्ट. उघडला. आत व्हिसा चिकटवलेला. तिचा फोटो, तिचं नाव. दिल्याची तारीख १९ ऑगस्ट. ३० नोव्हेंबरपर्यंत चालतो.

रिजेक्ट वगैरे काही झालंच नव्हतं. "आणि मी घरात नसते तर?" – हात भाजला त्या दिवशी विचारलं होतं तिने.

माळ्यावरची मोठी बॅग काढली, ओल्या फडक्याने पुसली, तिच्या पलंगावर उघडून ठेवली. पासपोर्ट आत ठेवला. तिची ड्यूटी सातला सुटते. आली की एवढंच म्हणणार – भर.